एसी बंद, मग ही गरम हवा येते कुठून?



मागच्या रविवारी आपण टायरबद्दल बोललो, आज गाडीच्या आत शिरू. विषय ऐकायला अगदी छोटा आहे. एसी बंद आहे, ब्लोअर चालू आहे, आणि समोरच्या जाळीतून हवा येते ती गरम. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही गरम. ही जास्तीची उष्णता येते कुठून?

मी दुर्गला राहतो. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नागपूरहून रायपूरकडे निघालं की रायपूरच्या आधी चाळीसेक किलोमीटरवर आम्ही लागतो. शेजारी भिलाई. आजोबा राजनांदगावच्या बीएनसी मिलमध्ये होते, वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात. मी इथल्या सायन्स कॉलेजातून बीएस्सी केलं आणि फौजेत गेलो, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. आमचं काम रसद पोचवायचं, म्हणजे गाड्या, ताफे, रस्ते. गाड्या चालवायच्या आम्ही आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या ईएमईवाल्यांनी. हा फरक लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीत माझी फजिती तिथेच झाली आहे.

मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे नवतपा लागतो. पारा ४४-४५ ला टेकतो. अशा दिवसांत कोणी म्हणालं की गाडीतून गरम हवा येते आहे, तर लोक हसतात. अहो, बाहेर भट्टी पेटली आहे, आत काय बर्फ येणार? मीही असंच म्हणालो होतो. तेच आधी सांगतो.

नागपूरला भाच्याचं लग्न होतं. आम्ही तिघं निघणार होतो, मी, आमची सौ. आणि माझी आत्या. आत्या ८१ वर्षांची. तिचे गुडघे दुखतात, पाय लांब करता यावेत म्हणून ती पुढच्या सीटवर बसते. गाडी माझीच, नऊ वर्षांची लहान डिझेल गाडी, एसीचा साधा गोल खटका असलेली, निळ्याकडून लालकडे फिरणारा. चार दिवस आधी एसीतला गॅस पूर्ण गेला. भरून घ्यायला वेळ नव्हता. मी म्हटलं, अडीचशे किलोमीटर तर जायचं आहे, सकाळी पाचला निघू, नऊपर्यंत नागपूर. फौजी माणसाचा प्लॅन.

प्लॅनचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक पाहुणे आले, एक साडी शिंप्याकडून यायची राहिली होती, आणि आम्ही घरातून बाहेर पडलो साडेदहाला.

राजनांदगावपर्यंत ठीक होतं. पुढे चिचोला, बाघनदी. खिडक्या उघडल्या तर लू तोंडावर चाबकासारखी यायची, ट्रकची धूळ यायची, आणि आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. म्हणून काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि ब्लोअर फुल केला. खटका पूर्ण निळ्यावर. हवेची दिशा छातीकडे आणि पायाकडे.

देवरीच्या अलीकडे आत्या म्हणाली, "बाळ, पायाशी वाफ येते रे."

मी म्हटलं, "आत्या, बाहेर पंचेचाळीस आहे. गार कुठून येणार?"

थोड्या वेळाने परत म्हणाली, "अरे, ही बाहेरची नाही रे. चुलीपाशी बसल्यासारखं वाटतंय."

तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा मी थोडा चिडलोच. आत्या गप्प बसली. मंडळी, तीस वर्षं जवानांना शिकवलं की प्रत्येक रिपोर्ट ऐकून घ्या, मग तो देणारा कोणीही असो. आणि घरच्या माणसाने तीन वेळा रिपोर्ट दिला तो मी ऐकला नाही.

साकोलीच्या थोडं आधी तिने मला हाक मारली. माझ्या नावाने नाही, माझ्या वडिलांच्या नावाने. "अरे, गाडी आली का रे स्टेशनात?" असं काहीतरी विचारलं. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली आहेत. सौ.ने मागून तिच्या मानेला हात लावला आणि म्हणाली, "अहो, थांबवा. अंग कोरडं आहे आणि तापलंय."

उन्हात माणूस घामाघूम झाला तर त्याचं शरीर अजून लढतं आहे असं समजा. पण बोलणं बरळू लागलं, ओळख पटेनाशी झाली, अंग तापून लाल झालं, तर ती थकवा म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. तो उष्माघात. मग घाम असो वा नसो. अशा वेळी सावली, अंगावर पाणी, वारा आणि दवाखाना, आणि हे सगळं एकाच वेळी. आम्ही झाडाखाली गाडी घेतली, दोन बाटल्या पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं, सौ.ने ओढणी भिजवून अंगावर टाकली आणि मी वर्तमानपत्राने वारा घातला. तोंडात पाणी घातलं नाही, कारण ती शुद्धीत नव्हती आणि ते श्वासनळीत जाऊ शकतं. १०८ ला फोन करत होतो, तेवढ्यात ढाब्यावरच्या एका पोराने सांगितलं, दवाखाना अगदी जवळ आहे. मग सगळ्या काचा खाली घेऊन, ब्लोअर बंद करून साकोलीच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी फार तत्परतेने सगळं केलं. संध्याकाळी आत्याने मला माझ्या नावाने हाक मारली. लग्न आम्हा कोणालाच मिळालं नाही.

आता गाडीकडे येतो.

घरी आल्यावर मी गाडी एका वर्कशॉपमध्ये दिली. मागच्या एका वर्षात दोन वेळा तिथेच गॅस भरला होता, कारण एसी "कमी" झाला होता. त्यांनी पाहिलं आणि कागद हातात दिला. कॉम्प्रेसर बदला, पुढचा कंडेन्सर बदला, एकूण चाळीस हजारांच्या पुढे. मी विचारलं, "आणि एसी बंद असताना गरम हवा येते, त्याचं काय?" उत्तर आलं, "सर, गर्मी आहे ना." म्हणजे मी आत्याला दिलेलंच उत्तर मला परत मिळालं.

कागद खिशात घालून मी आमच्या ओळखीच्या एका हवालदारांकडे गेलो. ईएमईतून निवृत्त झालेले, छत्तीसगढचेच, आता घराच्या अंगणात हौसेने गाड्या बघतात. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी इंजिन चालू करून पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणली, ब्लोअर लावला, पायाच्या जाळीपाशी हात धरला आणि म्हणाले, "साहब, ये एसी की बीमारी नहीं है. आपका हीटर चालू है."

४५ अंशांत मी हीटर लावून नागपूरला निघालो होतो.

हे कसं होतं, ते समजून घेऊ. गाडीत जळणाऱ्या डिझेल-पेट्रोलमधली सगळी ताकद चाकांना मिळत नाही. ढोबळ हिशेब असा की तिसरा हिस्सा चाकांकडे, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर, आणि उरलेला तिसरा इंजिनाच्या धातूत उष्णता म्हणून. ही उष्णता काढून नेण्यासाठी इंजिनाभोवती कूलंट फिरतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. चालत्या गाडीत ते साधारण ९० अंशांवर असतं. पुढे मोठा रेडिएटर असतो तिथे ते थोडं निवतं आणि परत इंजिनात जातं.

पण याच कूलंटची एक छोटी फांदी डॅशबोर्डच्या आत येते. तिथे एक लहानसा रेडिएटर बसवलेला असतो, जाड पुस्तकाएवढा. त्याला हीटर कोर म्हणतात, आमच्याकडचे मिस्त्री हीटर कॉइल म्हणतात. थंडीत आपण लालकडे खटका फिरवतो तेव्हा ब्लोअरची हवा या कॉइलमधून जाते आणि गरम होते. त्यासाठी वेगळं इंधन लागत नाही. इंजिन जी उष्णता फेकून देणार होतं, तीच आपण वापरतो. माझे वडील ब्लास्ट फर्नेसला होते. ते सांगायचे की तिथे भट्टीत फुंकायची हवा हजार अंशांच्या आसपास तापवावी लागते आणि ती तापवायला भट्टीतून निघालेलाच गॅस जाळतात. वाया जाणारं कामाला लावायचं, हीच रीत. गाडीचा हीटर हे त्याचं फार लहान भावंडं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक गाड्यांत हे गरम कूलंट हीटर कॉइलमधून बारा महिने फिरत असतं, मे महिन्यातही. काही गाड्यांत त्याच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो, निळ्यावर खटका केला की तो बंद होतो. पण अनेक गाड्यांत व्हॉल्व्हच नसतो. तिथे हीटर "बंद" करणं म्हणजे फक्त एवढंच की डॅशबोर्डच्या आतला एक फ्लॅप, म्हणजे एक प्लास्टिकचं दार, हीटर कॉइलसमोर येऊन बसतं आणि हवेला दुसऱ्या वाटेने पाठवतं. या दाराच्या कडेला फोमची पट्टी असते. खटक्यापासून दारापर्यंत एक केबल जाते, सायकलच्या ब्रेकला असते तशी. आणि ती केबल एका छोट्या प्लास्टिक क्लिपने अडकवलेली असते.

माझ्या गाडीत ती क्लिप तुटली होती. केबल मागे सरकली होती. खटका पूर्ण निळ्यावर दिसायचा आणि आतलं दार एक तृतीयांश उघडं. ९० अंशांच्या कॉइलवरून येणारी हवा आधी पायाच्या जाळीतून बाहेर पडत होती, कारण माझ्या गाडीत ती जाळी कॉइलच्या सगळ्यात जवळ. आत्याच्या पायाशी.

तुम्ही विचाराल, मग हे आधी कसं कळलं नाही? कारण एसी चालू असताना हवा आधी एसीच्या थंड कॉइलमधून जाते आणि मग या दाराशी येते. थंड हवेत थोडी गरम हवा मिसळते. आपल्याला वाटतं, एसी कमी झालाय. गॅस भरा. मी वर्षभर तेच करत होतो. हीटरने तापवलेली हवा गार करायला एसीला राबवत होतो आणि डिझेलही जाळत होतो. गॅस गळत होता हेही खरं, पाईपच्या एका जोडावरचं रबरी वॉशर गेलं होतं. ते बदललं. कॉम्प्रेसर अजून तोच आहे. म्हणून एसी कमी वाटला तर गॅस भरायच्या आधी एसी बंद करून हवा तपासा. चूक असेल तर तेव्हाच उघडी पडते.

तपासायचं कसं? यासाठी मिस्त्री लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर पुरे, आमच्या सौ.चा केकचा होता. मी काय केलं ते सांगतो. सकाळी साडेसहाला, रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन थंड असताना ब्लोअर लावला. एसी बंद, खटका निळ्यावर, बाहेरची हवा आत घेणारा खटका चालू. बाहेर ३१ अंश, जाळीत ३२. म्हणजे ठीक. मग गाडी पंचवीस मिनिटं फिरवली. बाहेर ३३. छातीच्या जाळीत ४७. पायाशी ५८. क्लिप बसवून केबल ताणल्यावर त्याच पद्धतीने परत मोजलं, तेव्हा छातीशी ३६ आणि पायाशी ३८.

हे शेवटचे आकडे नीट बघा. दुरुस्तीनंतरही हवा बाहेरच्यापेक्षा तीन ते पाच अंश गरमच आहे. ते स्वाभाविक आहे. बाहेरची हवा आत येते ती पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली जी जाळी असते तिथून. ती जागा उन्हात तापते, तिच्याखाली इंजिनाची खोली, आणि पुढे हवा तापलेल्या डॅशबोर्डच्या पोटातून फिरून येते. भर दुपारी दुरुस्त गाडीतही बाहेर ४३ असताना मला ४७-४८ मिळाले आहेत. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

मग बिघाड आणि ऊन यांतला फरक ओळखायचा कसा? क्रमावरून. गाडी उन्हात उभी होती, चालू करताच जाळीतून झळ आली आणि पाच-दहा मिनिटांत ती उतरत गेली, तर ती उन्हाची उष्णता. उलट सुरुवातीला हवा बरी होती आणि इंजिनाचा काटा जसा वर चढला तशी हवा तापत गेली, तर ती हीटरची उष्णता. एवढं जरी पाहिलंत तरी निम्मं निदान झालं.

पुढची पायरी खटक्याची. इंजिन बंद करून, शांततेत, तो निळ्यापासून लालपर्यंत आणि परत हळू फिरवा. हाताला केबलचा ताण लागला पाहिजे आणि शेवटी आत दार टेकल्याचा बारीक "टप्" आवाज आला पाहिजे. खटका लोण्यात फिरल्यासारखा सैल फिरला तर केबल सुटली आहे. नव्या गाड्यांत आकडे दाखवणारा ऑटोमॅटिक एसी असतो, तिथे केबल नसते, एक छोटी मोटर दार हलवते. त्या मोटरच्या प्लास्टिक गिअरचे दात गेले की डॅशबोर्डमागून टक-टक-टक असा आवाज येत राहतो. तो आवाज ऐकलात तर कॉम्प्रेसरच्या गोष्टी ऐकायच्या आधी त्या मोटरचं विचारा.

आणि व्हॉल्व्ह? बॉनेट उघडलं की इंजिनातून डॅशबोर्डच्या भिंतीत शिरणारे दोन रबरी पाईप दिसतात. खटका निळ्यावर असताना, ज्या गाडीला व्हॉल्व्ह आहे तिथे एक पाईप गरम आणि दुसरा बराच निवलेला असायला हवा. दोन्ही सारखे गरम असतील तर व्हॉल्व्ह अडकला आहे. पण तुमच्या गाडीला व्हॉल्व्हच नसेल तर दोन्ही गरम असणं बरोबरच आहे, म्हणून आधी मालकाच्या पुस्तिकेत किंवा जाणत्या मिस्त्रीकडून खात्री करा. आणि हात लावताना जपून. तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचं झाकण तर चुकूनही उघडायचं नाही, त्या वाफेने भाजलेले ड्रायव्हर मी दवाखान्यात पाहिले आहेत.

आता थोडं वासाबद्दल, कारण इथे मात्र थांबून ऐकायला हवं. गरम हवेबरोबर गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल, पुढच्या सीटखालची चटई चिकट ओली होत असेल, तर हीटर कॉइल गळते आहे. ते ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर सांडलेलं लगेच पुसा. चटई साध्या स्वच्छ पाण्याने ओली असेल तर घाबरू नका, बहुधा एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. आणि गरम हवेबरोबर धुराचा वास आला, डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर गाडी बाजूला घ्या आणि सगळ्यांना खाली उतरवा. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, धुराच्या वासावरून आपण फक्त त्याचा अंदाज करायचा. जुन्या बीटल गाडीत इंजिन हवेने थंड व्हायचं, कूलंट नव्हतंच, म्हणून तिच्या हीटरला उष्णता धुराच्या पाईपभोवतून घेत. तिथे पाईप गंजला की हीच भीती.

आमच्याकडे काही मिस्त्री सोपा उपाय सांगतात. ते दोन पाईप एकमेकांना जोडून टाका, हीटर कॉइल वाटेतून काढूनच टाका. "साहब, दुर्ग में हीटर किसको चाहिए?" एका अर्थी खरं आहे. दुर्गच्या थंडीत स्वेटर पुरतो. कॉइल गळत असेल आणि सुटा भाग मिळायला वेळ लागणार असेल तर तात्पुरतं करा, माझी ना नाही. पण कायमचं करू नका असं मी म्हणतो, आणि त्याला कारण आहे.

मी लडाखमध्ये होतो. हिवाळ्यात लेहला पहाटे गाडी काढताना श्वासाची वाफ पुढच्या काचेवर आतून गोठते. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच खरवडतो आहे आणि खाली दरी आहे, हे मी पाहिलं आहे. तिथे हीटरची हवा काचेवर लागली तरच रस्ता दिसतो. आणि दुसरी गोष्ट आमच्या जुन्या उस्तादांनी शिकवलेली. चढावर ओझं घेऊन जाताना इंजिनाचा काटा लालकडे सरकू लागला की काचा खाली घे आणि हीटर पूर्ण उघड, ब्लोअर फुल. माणूस शिजतो, पण इंजिनाची उष्णता थोडी निघते आणि थांबायला सुरक्षित जागा येईपर्यंत गाडी पोचते. हीटर कॉइल म्हणजे एक जादा छोटा रेडिएटरच की. आणि त्या वेळी हीटर उघडूनही जाळीतून गार हवा आली, तर समजा कूलंट संपत आलं आहे. तिथेच थांबा, एक किलोमीटरही पुढे जाऊ नका.

गरम हवेची ही भाषा मला वीस-पंचवीस वर्षांपासून येत होती. हीटरची हवा कशी असते हे मला माहीत होतं. फक्त दुर्गच्या मे महिन्यात ती ओळखता आली नाही, कारण बाहेरही गरमच होतं.

एसी बंद ठेवून उन्हाळ्यात प्रवास करावाच लागला तर काय, हेही सांगतो. हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असली की वारा अंगातली उष्णता काढत नाही, उलट देतो. गारवा मिळतो तो फक्त घाम वाळल्याने. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, तहान उशिरा कळते, आणि बऱ्याच जणांची रक्तदाबाची औषधं चालू असतात, त्यांतल्या काहींनी लघवी वाढून पाणी आणखी कमी होतं. म्हणून मला आणि सौ.ला फक्त गरम झालं आणि आत्याला उष्माघात झाला. गाडी एकच, हवा एकच. पायाची जाळी तिच्याकडे होती हा वेगळा भाग. तेव्हा ओला पंचा मानेवर, दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाणी, आणि दुपारी बारा ते चार गाडी झाडाखाली. आतलीच हवा फिरवणारं बटण एसीशिवाय फार वेळ लावू नका, काचा बंद असल्या तर आत दमट होतं आणि ड्रायव्हरला पेंग येते. आणि उभ्या गाडीत कोणालाही, अगदी "दोन मिनिटांत येतो" म्हणूनही, बसवून जाऊ नका. उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढू शकतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासातच.

फौजेत रोज सकाळी गाडी हलवायच्या आधी फर्स्ट परेड होते. तेल, पाणी, टायर, पट्टे, दिवे, सगळं ड्रायव्हर स्वतः बघतो आणि मग सही करतो. त्या वह्यांवर मी हजारो वेळा काउंटर-सही केली असेल. निवृत्तीनंतर स्वतःच्या गाडीची फर्स्ट परेड मी कधी केली नव्हती. आता करतो. त्या यादीत एक ओळ वाढवली आहे. इंजिन तापल्यावर, एसी बंद करून, पायाच्या जाळीपाशी हात.

हवालदारांनी त्या कामाचे किती घेतले ते विचाराल. क्लिप त्यांनी भंगारातल्या एका गाडीच्या डॅशबोर्डातून काढून आणली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "साहब, बुढ़िया माँ ठीक हैं ना?"

आत्या ठीक आहे. दिवाळीत तिला राजनांदगावला नेलं. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला, मग चप्पल काढली आणि अनवाणी पाय जाळीपुढे धरून बसली. मी गाडी गल्लीतून बाहेर काढली, इंजिनाचा काटा मध्यावर आला. मी म्हटलं, "काय आत्या, ठीक?"

म्हणाली, "थांब जरा. अजून पाच मिनिटं जाऊ दे, मग सांगते."

पुढच्या रविवारी बॅटरीबद्दल बोलू. जय हिंद.